अखंड गुरुत्वीय लहरींचा शोध: कागदावरच्या गणितापासून वरच्या मर्यादेपर्यंत, नेमक्या क्रमाने

एमएस्सीच्या प्रोजेक्टांचे दिवस आले की कोल्हापुरात एक आलेख हमखास बघायला मिळतो. लायगोचा (अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथल्या दोन गुरुत्वीय लहरी डिटेक्टरांचा) काही तासांचा डेटा, त्यावर सरळ एफएफटी (डेटातल्या वारंवारता वेगळ्या करणारं गणित), ६० हर्ट्झला ताठ सुळका आणि खाली ओळ: ‘क्रॅब पल्सारचा गुरुत्वीय संकेत’. क्रॅब हा पल्सार, म्हणजे वेगाने फिरणारा आणि नियमित स्पंद देणारा न्यूट्रॉन तारा. त्याचा संकेत आलाच तर तो ५९.२ हर्ट्झच्या आसपास यायला हवा. ६० हर्ट्झ ही अमेरिकेतल्या विजेच्या तारांची वारंवारता. शिवाय फिरत्या न्यूट्रॉन ताऱ्याच्या अखंड, म्हणजे सतत जवळपास एकाच वारंवारतेने येणाऱ्या, लहरी आजवर कुणालाही खात्रीने सापडलेल्या नाहीत. तेव्हा तुमच्या स्क्रीनवर पहिल्याच दुपारी सुळका उभा राहिला, तर संशय आधी विजेवर, मग घड्याळावर आणि मग स्वतःच्या कोडवर घ्या.

चूक सहसा गणितात नसते, क्रमात असते. आधी डेटात डोकवायचं आणि मग तयारी करायची, असं चालतं. खाली उलटा क्रम आहे: आधी स्वतः घातलेला संकेत सापडतो का, मग इतरांनी मुद्दाम घातलेला सापडतो का, आणि त्यानंतर खरा तारा. माहीत असलेल्या एका पल्सारचा शोध एका लॅपटॉपवर होतो. अख्ख्या आकाशाचा होत नाही, त्याचं कारण पुढे येईल.

## टप्पा १. लॅपटॉप उघडण्याआधी कागदावर

न्यूट्रॉन तारा पूर्ण गोल असेल तर तो कितीही वेगाने फिरो, लहरी निघत नाहीत. त्याच्या विषुववृत्तावर थोडा फुगवटा हवा, आणि तोही सगळीकडे सारखा नको, विषुववृत्ताचं वर्तुळच किंचित लांबट हवं. हा वाकडेपणा एप्सिलॉनने मोजतात. एका फेरीत फुगवटा दोनदा तसाच समोर येतो, म्हणून लहरीची वारंवारता फिरकीच्या दुप्पट.

लहरीचा आयाम असा काढा: ४ पाय-वर्ग, गुरुत्व स्थिरांक, जडत्व आघूर्ण, एप्सिलॉन आणि लहरीच्या वारंवारतेचा वर्ग यांचा गुणाकार, त्याला प्रकाशवेगाचा चौथा घात आणि अंतर यांनी भागायचं. जडत्व आघूर्ण १० चा ३८ वा घात किलोग्रॅम-चौरस मीटर, एप्सिलॉन दहा लाखांत एक, वारंवारता १०० हर्ट्झ आणि अंतर १ किलोपार्सेक (सुमारे ३,२६० प्रकाशवर्षं) धरलं, तर उत्तर १० च्या उणे २६ व्या घाताच्या जवळ येतं. तुमचं उत्तर वेगळं येत असेल तर बहुतेक वेळा फिरकीची वारंवारता घातलेली असते, लहरीची नव्हे.

आता दुसरी बाजू. तिसऱ्या निरीक्षण-पर्वात लायगोचा १०० हर्ट्झजवळचा गोंगाट साधारण ५ गुणिले १० चा उणे २४ वा घात, दर वर्गमूळ हर्ट्झ. नेमक्या माहीत असलेल्या पल्साराच्या शोधात पकडता येणारा आयाम ढोबळपणे असा: गोंगाटाला सेकंदांतल्या कालावधीच्या वर्गमुळाने भागा आणि ११ ने गुणा. वर्षभराच्या डेटाला हेही १० च्या उणे २६ व्या घातावरच येतं. म्हणजे वर्ष ओतलं तर जेमतेम हाताला लागेल, चार तासांच्या डेटात काहीही दिसणार नाही. एवढं गणित केलं असतं तर वरचे निम्मे अहवाल लिहिलेच गेले नसते.

आणखी एक आकडा काढून ठेवा, मंदन-मर्यादा. ताऱ्याची फिरकी मंदावताना जी ऊर्जा जाते ती सगळी गुरुत्वीय लहरींतच जाते असं धरलं, तर जास्तीत जास्त आयाम किती? क्रॅबसाठी २ किलोपार्सेक अंतर धरून तो १.४ गुणिले १० चा उणे २४ वा घात येतो. याहून मोठा संकेत मिळाला असं कुणी म्हणत असेल, तर तारा स्वतःजवळ नसलेली ऊर्जा उधळतोय असा त्याचा अर्थ होतो.

## टप्पा २. तारा निवडणे आणि त्याची कुंडली

क्रॅब प्रसिद्ध म्हणून सगळे तोच घेतात. सुरुवातीला घेऊ नका. त्याची फिरकी भराभर मंदावते, मधूनच उडी मारते (जुलै २०१९ मध्ये, म्हणजे ऐन तिसऱ्या पर्वात, अशी एक उडी होती), आणि त्याची लहर ६० हर्ट्झच्या विजेच्या सुळक्याला लागून. जॉड्रेल बँक वेधशाळा क्रॅबची वारंवारता महिन्या-महिन्याला प्रसिद्ध करते. ती न वापरता वर्षभराचा शोध लावणं व्यर्थ आहे.

पहिल्यांदा एकटा, जुना, शांत मिलिसेकंद पल्सार बरा. उदाहरणार्थ जे०७११-६८३०: आवर्तकाल ५.४९ मिलिसेकंद, फिरकी सुमारे १८२ हर्ट्झ, लहर सुमारे ३६४ हर्ट्झ, अंतर कॅटलॉगमध्ये ०.११ किलोपार्सेक. त्याची मंदन-मर्यादा १.२ गुणिले १० च्या उणे २६ व्या घाताच्या घरात येते, म्हणजे शोध अर्थपूर्ण आहे. जोडीदार असलेले पल्सार नंतर बघा. तिथे कक्षेची दुरुस्ती वेगळी करावी लागते.

ताऱ्याची माहिती एटीएनएफ कॅटलॉगमधून (ऑस्ट्रेलियातून चालणारी पल्सारांची यादी) किंवा वेध घेणाऱ्या गटाच्या पार-फाइलमधून (ताऱ्याची वारंवारता, जागा वगैरे आकड्यांची फाइल) येते. आपल्याजवळ खोडदची जीएमआरटी रेडिओ दुर्बीण पल्सारांच्या स्पंदांच्या अशाच वेळा मोजते. पार-फाइल मिळाली की पुढच्या गोष्टी एकेक करून बोट ठेवून वाचा:

- एफ० ही फिरकीची वारंवारता असते. दुप्पट करा. एफ१, म्हणजे तिच्या मंदावण्याचा दर, तोही दुप्पट करा. एफ० दुप्पट आणि एफ१ तसाच, ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. क्रॅबच्या बाबतीत त्यामुळे सहा महिन्यांत जवळपास ६ मिलिहर्ट्झचा फरक पडतो.
- पी-इपॉक ही तारीख. वारंवारता त्या दिवशीची आहे, तुमच्या डेटाच्या पहिल्या दिवसाची नाही. क्रॅबची लहर दिवसाला ०.०६ मिलिहर्ट्झने खाली जाते. वर्षभराच्या शोधात वारंवारतेची बारकाई वर्षातल्या सेकंदांच्या व्यस्ताएवढी, म्हणजे सुमारे ०.०००००००३ हर्ट्झ. एका दिवसाची तारीख चुकली तर तुम्ही दोन हजार घरं पलीकडे शोधताय.
- सगळे अंक ठेवा. एक्सेलमधून नेऊ नका, ते पंधरा अंकांनंतर गप्प कापतं.
- विषुवांश तास-मिनिटांत असतो, पंधराने गुणून अंश करा. क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं कोनीय अंतर) उणे शून्य अंश काही मिनिटं अशी असेल तर कोड ते उणे चिन्ह गिळतो आणि तारा विषुववृत्ताच्या पलीकडे जातो.
- पृथ्वी-सूर्याच्या स्थानांची सारणी कोणती वापरली आहे (डीई४०५, डीई४२१, डीई४४० असं काही लिहिलेलं असतं) आणि काळ टीडीबी आहे की टीसीबी (सूर्यमालेच्या केंद्राशी जोडलेल्या काळाच्या दोन मोजण्या), हे लिहून घ्या. तुमच्या कोडात तेच हवं.

तपासणी: डेटाच्या मधल्या दिवशीची लहरीची वारंवारता हाताने काढा. कोडाने काढलेली तिच्याशी शेवटच्या अंकापर्यंत जुळली, तरच पुढे.

## टप्पा ३. मशीन, जागा आणि लाईट

लिनक्स लागतं, विंडोजवर डब्ल्यूएसएल चालेल. कोंडाचं (पायथॉनची पॅकेजेस बसवणारं साधन) वेगळं एन्व्हायर्न्मेंट करा आणि त्यात लालपल्सार आणि पायएफस्टॅट, ही अखंड लहरी शोधायची सॉफ्टवेअर, बसवा. पल्साराचा शोध बेझच्या पद्धतीने करायचा असेल तर सीडब्ल्यूइनपाय. सिस्टिमच्या पायथॉनमध्ये ढवळाढवळ करू नका.

डेटा ग्रॅव्हिटेशनल वेव्ह ओपन सायन्स सेंटरवर मोफत आहे. तिसरं पर्व १ एप्रिल २०१९ ला सुरू झालं, ऑक्टोबरभर थांबलं आणि २७ मार्च २०२० ला संपलं. फाइल ४०९६ सेकंदांची. दर सेकंदाला ४०९६ नमुन्यांचा पर्याय घ्या. १६ हजारांचा इथे कशालाच लागत नाही. अशी एक फाइल सव्वाशे एमबीच्या आसपास, म्हणजे एका डिटेक्टरचं वर्षाचं पर्व पाऊण टेराबाइटपर्यंत जातं.

सगळं साठवू नका. तुम्हाला ३६४ हर्ट्झभोवतीचा एक हर्ट्झाचा पट्टाच हवा आहे. १८०० सेकंदांच्या तुकड्यांचे फोरियर रूपांतर, म्हणजे एसएफटी, केलं आणि तेवढा पट्टा कापून ठेवला, की एका डिटेक्टरचं अख्खं वर्ष अडीचशे एमबीत बसतं. एक दिवस उतरवा, पट्टा कापा, मूळ फाइली उडवा, पुढचा दिवस घ्या. हॉस्टेलच्या वायफायवरही हे जमतं, फक्त रात्रीचं लावा.

खबरदारी: एप्रिल-मेमध्ये वळीव आला की लाईट जातेच. प्रत्येक दिवस पूर्ण झाल्यावर त्याची नोंद एका फाइलमध्ये पडू दे आणि स्क्रिप्ट पुन्हा सुरू केली की तिथूनच पुढे जाऊ दे. अर्धवट लिहिलेली एसएफटी ओळखण्यासाठी आधी तात्पुरत्या नावाने लिहा, पूर्ण झाल्यावर नाव बदला.

## टप्पा ४. डेटा साफ करणे

इथे घाई महाग पडते, कारण इथल्या चुका आरडाओरडा करत नाहीत.

डिटेक्टर बंद असताना फाइलमध्ये आकड्याच्या जागी ‘नॅन’ (म्हणजे ‘हा आकडा नाही’) असतं. १८०० सेकंदांच्या तुकड्यात एक जरी नॅन आला, तरी फोरियर रूपांतरानंतर तो अख्खा तुकडा नॅन. मग काहीजण नॅनच्या जागी शून्य भरतात. तिथे कडा तुटते आणि तिचा गोंगाट सगळ्या वारंवारतांत पसरतो. बरोबर रीत अशी: डेटा उपलब्ध आहे असं दाखवणाऱ्या झेंड्यांवरून सलग पट्टे काढा, आणि प्रत्येक पट्ट्यात १८०० सेकंद बसतील तेवढेच तुकडे करा. ४०९६ सेकंदांच्या एका फाइलमध्ये दोनच तुकडे बसतात आणि ४९६ सेकंद वाया जातात, म्हणून लागोपाठच्या फाइली आधी जोडा.

झेंडे निवडताना एक गंमत होते. ‘अखंड लहरींचा कृत्रिम संकेत नाही’ असा एक झेंडा असतो. स्वच्छ डेटा हवा म्हणून तो चालू केला, की जवळपास सगळा डेटा गायब. कारण हे कृत्रिम संकेत निरीक्षण चालू असताना बहुतेक सगळा वेळ घातलेलेच असतात. तो झेंडा सोडून द्या. संकेत कोणत्या वारंवारतांवर आहेत ते माहीत असतं, तेवढ्या जागा टाळायच्या.

रूपांतराआधी काही हर्ट्झच्या खालचा भाग गाळणीने काढा आणि तुकड्याच्या दोन्ही टोकांना उतार द्या, ट्युकी विंडो पुरते. खालच्या वारंवारतांचा गोंगाट इतका प्रचंड असतो की कडांतून तो वर झिरपतो. तिसऱ्या पर्वात क्षणिक मोठे धक्केही बरेच आहेत. ते कापलेल्या डेटाने शोधाची धार वाढते.

आणि हे सगळं डबल प्रिसिजनमध्ये. लायगोचे आकडे १० च्या उणे २१ ते उणे २३ व्या घातातले. सिंगल प्रिसिजनमध्ये त्यांचा वर्ग केला, की तो मावत नाही, अंक हरवतात किंवा थेट शून्य होतो. प्रोग्रॅम कुरकुर करत नाही, आलेख मात्र सपाट येतो. सोय म्हणून सुरुवातीलाच १० च्या २० व्या घाताने गुणून घेणारेही आहेत. चालतं, पण शेवटी भागायला विसरू नका.

तपासणी: सगळ्या एसएफटींची सरासरी काढून गोंगाटाचा आलेख बघा. तो प्रसिद्ध झालेल्या लायगोच्या आलेखाशी आकारातही आणि आकड्यातही जुळायला हवा. ५०० हर्ट्झजवळ आरसे टांगलेल्या तंतूंचे कंपन-सुळके दिसले पाहिजेत. ते दिसत नसतील तर तुमची गाळणी जास्त झाली आहे.

त्याच बैठकीत माहितीतल्या रेषांची, म्हणजे उपकरणांमुळे ठराविक वारंवारतांवर येणाऱ्या सुळक्यांची, यादी उतरवून घ्या. प्रत्येक पर्वासाठी ती ओपन सायन्स सेंटरवर मिळते: विजेच्या ६० हर्ट्झ आणि पटी, मापन-रेषा, इलेक्ट्रॉनिक्सचे एकेक हर्ट्झ अंतराने येणारे कंगवे. तुमचा पट्टा यांतल्या कशाशी भिडतो का, हे शोधाआधी लिहा.

## टप्पा ५. घड्याळ आणि पृथ्वीची चाल

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर जाते. त्यामुळे येणारी वारंवारता दहा हजारांत एक भाग वर-खाली होते (हाच डॉप्लर परिणाम). पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फिरण्याने याचा शंभरावा भाग आणखी. आणि लहर सूर्यमालेच्या वस्तुमान-केंद्रापाशी पोचण्याची वेळ वर्षभरात उणे ५०० ते अधिक ५०० सेकंदांनी हलते.

आपल्या अंबाबाईच्या किरणोत्सवाचं उदाहरण घ्या. नोव्हेंबरच्या ९ ते ११ आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, दोन्ही वेळा मावळत्या सूर्याची किरणं देवीच्या मूर्तीवर येतात, कारण दोन्ही वेळा सूर्याची क्रांती सारखी असते. तेव्हा डॉप्लरही सारखाच असेल, असं वाटणं साहजिक. तसं नाही. पृथ्वी त्या दोन तारखांना कक्षेत वेगळ्या ठिकाणी असते आणि तिचा वेग वेगळ्या दिशेला असतो. क्रॅबच्या बाबतीत नोव्हेंबरात आपण त्याच्याकडे जात असतो, फेब्रुवारीत त्याच्यापासून दूर. ५९.२ हर्ट्झवर हा फरक साधारण साडेतीन मिलिहर्ट्झ वर आणि साडेचार मिलिहर्ट्झ खाली असा पडतो. एसएफटीचं एक घर ०.५६ मिलिहर्ट्झचं. म्हणजे नोव्हेंबर आणि फेब्रुवारीचे वर्णपट सरळ एकावर एक ठेवले, तर संकेत चौदा घरांच्या अंतरावर विखुरतो आणि गोंगाटात विरतो. म्हणून वर्षभराच्या डेटाची एक लांबलचक एफएफटी करणं निरुपयोगी.

लालपल्सार ही दुरुस्ती स्वतः करतो, पण तुम्ही दिलेल्या काळावरून. लायगोचा काळ जीपीएस सेकंदांत असतो. तो १ जानेवारी २०१७ पासून जागतिक वेळेच्या १८ सेकंद पुढे आहे, आणि आपलं घड्याळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. पायथॉनमध्ये तारखेचं रूपांतर करताना लॅपटॉपचा प्रादेशिक काळ मध्ये घुसला, तर १९,८०० सेकंदांची चूक होते. १०० हर्ट्झवर वर्षभरात ती दोनशेच्या आसपास आवर्तनांची गडबड. नुसत्या १८ सेकंदांची चूकसुद्धा पाव आवर्तनाच्या जवळ जाते, संकेत सापडतो पण खंगलेला. तेव्हा तारखा लिहूच नका, जीपीएस आकडेच लिहा: तिसरं पर्व १२३८१६६०१८ ला सुरू होतं.

इथे जे०७११-६८३० ची एक खोड सांगायला हवी. हा तारा क्रांतिवृत्ताच्या (पृथ्वीच्या कक्षेच्या प्रतलाच्या) दक्षिण ध्रुवापासून सातेक अंशांवर आहे. पृथ्वीची कक्षेतली चाल त्याच्या दिशेला जवळपास काटकोनात, म्हणून डॉप्लर नेहमीच्या आठव्या भागाएवढाच. दुरुस्तीत घोळ असला तरी या ताऱ्यावर तो पटकन उघडा पडत नाही. खऱ्या शोधासाठी तारा चांगला. कोडाची परीक्षा मात्र त्याच्यावर घेऊ नका.

## टप्पा ६. आधी आपण टाकलेलं सापडू दे

पायएफस्टॅटने कृत्रिम गोंगाट तयार करा, त्यात माहीत असलेला संकेत घाला आणि तो शोधा. हे एका संध्याकाळचं काम. मोजायचं ते एफ-स्टॅटिस्टिक. १९९८ मध्ये यारानोव्स्की, क्रोलाक आणि शुट्झ यांनी मांडलेली ही पद्धत आयाम, कल (ताऱ्याच्या अक्षाचा आपल्या दिशेशी कोन), ध्रुवीकरण आणि सुरुवातीची कला (आवर्तनातली सुरुवातीची जागा) हे चारही अज्ञात आकडे स्वतःच सर्वोत्तम धरून घेते. नुसत्या गोंगाटात तिच्या दुपटीची, म्हणजे २एफची, सरासरी ४ येते. संकेत असेल तर ४ अधिक संकेत-गोंगाट गुणोत्तराचा वर्ग. डेटा दुप्पट केला की ४ वरचा भाग दुप्पट झालाच पाहिजे.

मग खरा डेटा, पण अजून खरा तारा नाही. लायगोची मंडळी फोटॉन कॅलिब्रेटरने (लेझरच्या झोताने) आरशांना हलकेच ढकलून काही खोटे पल्सार डेटात सतत घालत असतात. त्यांच्या वारंवारता, जागा आणि संदर्भ-काळ (वारंवारता ज्या क्षणाची आहे तो) प्रसिद्ध आहेत. त्यांतले दोन पुरतात, पण दोन्ही करा.

पहिला, पल्सार ३. वारंवारता सुमारे १०८.८६ हर्ट्झ, विषुवांश १७८.३७ अंश, क्रांती उणे ३३.४४ अंश. हा चांगला जोरकस आहे, दोन्ही डिटेक्टरांचा महिन्याभराचा डेटा पुरे. डॉप्लर दुरुस्ती बरोबर असेल तर २एफ गोंगाटाच्या कितीतरी वर उठतो. पण त्याची वारंवारता जवळजवळ ढळतच नाही. त्यामुळे संदर्भ-काळाची चूक त्याला कळत नाही.

म्हणून दुसरा, पल्सार ६. त्याचा संदर्भ-काळ जीपीएस ७५१६८००१३, म्हणजे १ नोव्हेंबर २००३, आणि त्या दिवशी वारंवारता १४८.७२ हर्ट्झ. दर सेकंदाला ती ६.७३ गुणिले १० च्या उणे ९ व्या घाताने घटते. तिसऱ्या पर्वाच्या पहिल्या दिवसापर्यंत तो सव्वातीन हर्ट्झ खाली, १४५.४ ला आलेला असतो. १४८.७ ला शोधत बसलात तर तिथे काहीच नाही, आणि तुम्ही डेटालाच नावं ठेवाल.

थांबा: पल्सार ३ आणि ६ दोन्ही सापडल्याशिवाय पुढच्या टप्प्याला हात लावू नका. एक सापडला आणि दुसरा नाही, तर कोडात बदल करण्याआधी टप्पा २ मधली यादी पुन्हा वाचा. चूक तिथेच असते.

## टप्पा ७. उंबरठा ठरवा, मग बघा

उंबरठा आलेख बघून ठरवायचा नाही. इथे मी हट्टी आहे: कागदावर आकडा आणि तारीख लिहा, मार्गदर्शकांची सही घ्या, मग कोड चालवा.

गोंगाटात २एफ एखाद्या आकड्याच्या वर जाण्याची शक्यता सोपी आहे: त्या आकड्याचा निम्मा घ्या, त्यात एक मिळवा, आणि ई चा उणे निम्म्याइतका घात घेऊन गुणा. एकच टेम्प्लेट, म्हणजे पार-फाइलमधली नेमकी वारंवारता आणि जागा, शोधणार असाल तर १ टक्का खोट्या इशाऱ्यासाठी उंबरठा १३.३. पण लहर आणि रेडिओ स्पंद यांत किंचित फरक असेल म्हणून आजूबाजूच्या दहा लाख टेम्प्लेट शोधल्या, तर नुसत्या गोंगाटातच सर्वांत मोठा आकडा ३३ च्या आसपास येतो. १ टक्क्याचा उंबरठा मग ४३ पर्यंत सरकतो. दहा लाख टेम्प्लेटमध्ये ३० मिळाला म्हणून पेढे वाटणारे भेटतात. त्या ३० ला काही किंमत नाही.

आकाशभर शोध लॅपटॉपवर का नको, तेही यातूनच कळतं. १०० हर्ट्झवर वर्षभराच्या सलग शोधाला जागा दोनेक आर्कसेकंदांइतकी नेमकी लागते. म्हणजे आकाशाचे शंभर अब्जांवर ठिपके, आणि प्रत्येकाला हर्ट्झमागे तीन कोटी वारंवारता, शिवाय मंदावण्याचे वेगवेगळे दर. म्हणून मोठे गट डेटाचे तुकडे करून त्यांची ताकद नंतर जोडतात, आणि २००५ पासून चाललेला आइन्स्टाइन@होम लोकांचे रिकामे संगणक वापरतो. त्यात तुमचा लॅपटॉप लावायचा असेल तर जरूर लावा, पण तो प्रोजेक्टचा निकाल नव्हे.

## टप्पा ८. उंबरठ्यावर काही आलंच तर

आनंद आवरा आणि या क्रमाने झाडाझडती घ्या. स्वस्त तपासण्या आधी.

रेषांची यादी आणि खोट्या पल्सारांची यादी बघा, डॉप्लरने हलून ती जागा तिथे पोचते का ते धरून.

मग हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन वेगळे चालवा. खरा संकेत दोघांत असतो आणि एकत्र केल्यावर वाढतो. एकट्या डिटेक्टरचा आकडा एकत्रित आकड्यापेक्षा मोठा आला, तर ती त्या जागेची खोड आहे. दोन्हीकडे सारखीच उपकरणं असल्याने दोन्हीकडे दिसणं हा पुरावा मात्र नाही.

त्यानंतर डेटा चढत्या लांबीने घ्या: दोन महिने, चार, आठ. ४ वरचा भाग सरळ रेषेत वाढतो की एखाद्या आठवड्यात उडी मारून थांबतो? उडी म्हणजे त्या आठवड्यात डिटेक्टरमध्ये काहीतरी वाजत होतं.

शेवटी डॉप्लर दुरुस्ती मुद्दाम बंद करून चालवा. पृथ्वीवरच्या गोष्टीला पृथ्वीच्या चालीशी देणंघेणं नसतं. दुरुस्ती काढल्यावर संकेत वाढला तर तो इथलाच. आणि त्याच वारंवारतेला आकाशातल्या दूरच्या शे-दोनशे जागा शोधा. सगळीकडे सारखाच मोठा आकडा येत असेल तर तो पल्सार नव्हे.

या सगळ्यातून काही उरलं, तर अहवालात लिहू नका. आधी अनुभवी गटाला दाखवा. पुण्याची आयुका (खगोलशास्त्राची संशोधन संस्था) हाताशी आहे.

## टप्पा ९. काही सापडलं नाही, हे नीट लिहिणे

बहुतेक वेळा इथेच पोचाल. ‘संकेत आढळला नाही’ एवढंच लिहिलं तर काम अर्धवट राहतं. किती मोठा संकेत असता तर आढळला असता, तो आकडा द्यायचा.

खऱ्या डेटात, त्याच पट्ट्यात पण ताऱ्याच्या नेमक्या वारंवारतेपासून थोडं बाजूला, सॉफ्टवेअरने संकेत घाला. आयाम ठराविक, कल आणि ध्रुवीकरण यदृच्छ. असे काहीशे संकेत घालून किती सापडतात ते मोजा. मग आयाम कमी-जास्त करत जा. शंभरांतले पंच्याण्णव ज्या आयामाला सापडतात, ती तुमची ९५ टक्के वरची मर्यादा.

चुका इथे ठरलेल्या. संकेत शोधाच्या टेम्प्लेटवरच बरोबर बसवला तर मर्यादा खोटी चांगली येते. एकाहून जास्त टेम्प्लेटचा शोध असेल तर त्यांच्या मध्ये कुठेही पडू दे. साफसफाई झाल्यावर घातला तर साफसफाईने किती संकेत खाल्ला ते कळत नाही. कच्च्या डेटात घाला. आणि सगळे संकेत आपल्याकडे तोंड करून घातले तर आयाम फसवा लहान दिसतो, कारण ताऱ्याचा अक्ष आपल्याकडे रोखलेला असताना लहर सर्वांत जोरकस पोचते.

मर्यादा मिळाली की टप्पा १ चं सूत्र उलटं लावून एप्सिलॉन काढा आणि मंदन-मर्यादेशी तुलना करा. तिच्या खाली गेलात, तर ताऱ्याबद्दल काहीतरी म्हणता येतं: त्याच्या मंदावण्यातला जास्तीत जास्त इतकाच वाटा लहरींचा. वर राहिलात, तर तसं स्पष्ट लिहा. दोन्ही डिटेक्टरांच्या वर्षभराच्या डेटावर जे०७११-६८३० साठी मर्यादेच्या खाली जाणं शक्य असतं.

अहवालाच्या परिशिष्टात पार-फाइल जशीच्या तशी, लालपल्सार आणि पायएफस्टॅट यांच्या आवृत्त्या, सुरुवातीचा आणि शेवटचा जीपीएस सेकंद, वापरलेले झेंडे, टाकून दिलेल्या एसएफटींची संख्या आणि यदृच्छ आकड्यांची बीजं द्या. पल्सार ३ आणि ६ चे आलेखही तिथेच लावा, तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्यांच्यावरच यायला हवा.